30 सप्टेंबरपर्यंतची मुदत

पुणे शहरातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी मेंबरांना हा जाहीर इशारा आहे. तुमची सोसायटी कोथरूडला असो, सिंहगड रस्त्याला, औंधला, बिबवेवाडीला किंवा हडपसरला. माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या कमिटीला तो सगळ्यांत आधी लागू आहे.

गेल्या मे महिन्यात मी आमच्या इमारतीखालच्या जमिनीची मिळकत पत्रिका काढली. धारकाच्या रकान्यात बिल्डरचं नाव होतं, त्याला कंस पडलेला. खाली फेरफाराने वारस म्हणून लागलेली त्याच्या दोन मुलांची आणि एका मुलीची नावं. सोसायटीचं नाव कुठेच नाही. आम्ही इथे राहायला आलो त्याला सव्वीस वर्षं झाली. बँकेची कर्जं फिटली, मुलं शिकून बाहेरगावी गेली, इमारतीला दोनदा रंग झाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा झालं. ही तीन वारस मंडळी उद्या रस्त्यात समोर आली तर आम्ही ओळखणार नाही, आणि कागदावर आमच्या पायाखालची जमीन आजही त्यांची आहे.

तो कागद हातात घेऊन मी जिन्याशी आलो आणि नोटीस बोर्डासमोर थांबलो. थकबाकीदारांची नावं लाल शाईत. भाडेकरूंनी रात्री अकरानंतर पाहुणे आणू नयेत. घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. फ्लॅट विकण्याआधी कमिटीची एनओसी घ्यावी, नाहीतर व्यवहार मान्य होणार नाही. बोर्ड काठोकाठ भरलेला होता. जमिनीबद्दल त्यावर एक ओळ नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. बिल्डरच्या दारात जायची हिंमत ज्या कमिटीला सव्वीस वर्षांत झाली नाही, ती शेजाऱ्याच्या दारावर मात्र रोज थाप मारते आहे. हे थांबलं पाहिजे, आणि त्याला आता तारीख आहे.

मी हे बाहेर उभा राहून बोलत नाही. चार वर्षं मीही कमिटीत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रंगकामाचं बिल मागितलं होतं. बिल बघितल्याशिवाय वर्गणी देणार नाही, असं त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं. मेंटेनन्स त्या दर महिन्याला भरत होत्या, फक्त रंगाची वर्गणी अडवली होती. कमिटीने त्यांना थकबाकीदार ठरवलं. एका रविवारी सकाळी साडेसहाला वॉचमन पाना घेऊन गच्चीवर गेला आणि त्यांच्या लाइनचा व्हॉल्व बंद करून आला. मी गच्चीवर होतो, सकाळी तिथेच चालायला जायचो. पान्याचा तो कर्र आवाज मी ऐकला. वॉचमन माझ्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, मला सांगितलंय.’ मी काही बोललो नाही. काकू अकरा दिवस शेजारच्या घरातून कळशीने पाणी भरत होत्या, सत्तरीच्या बाईने दिवसातून चार वेळा. त्या अकरा दिवसांत कमिटीच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्ही इतिवृत्तांवर माझी सही आहे.

म्हणून आधी पाण्याचं बोलतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये किंवा आदर्श उपविधींत थकबाकीपोटी सभासदाचं पाणी तोडायचा अधिकार कमिटीला कुठेही दिलेला नाही. दिलेला आहे तो वसुलीचा रीतसर रस्ता, आणि तो चांगला भक्कम आहे. पूर्वी कलम 101 होतं. 2019 च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि त्यात कलम 154 ब-29 आलं. निबंधकाकडे अर्ज करा, हिशेब दाखवा, समोरच्याचं म्हणणं मांडू द्या. पैसे खरंच देणं असेल तर वसुली दाखला मिळतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, जप्तीपर्यंत. थकलेल्या रकमेवर सर्वसाधारण सभेने ठरवलेलं सरळव्याज लावता येतं, वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के. हा रस्ता असताना कमिटी पाना का उचलते? निबंधकासमोर बिल दाखवावं लागतं म्हणून. आमच्या कमिटीला काकूंना तेच दाखवायचं नव्हतं.

तेव्हा पाण्यासाठी 30 सप्टेंबरची वाट बघायची नाही. ज्या सोसायटीत कुणाचंही पाणी, लिफ्टचं कार्ड किंवा कचरा उचलणं थकबाकीच्या नावाखाली बंद केलेलं आहे, तिथे ते आज संध्याकाळपर्यंत सुरू झालं पाहिजे. उद्या सकाळी आधी पोलीस चौकीत अर्ज जाईल, मग उपनिबंधकांकडे.

आता पैशाचं. फ्लॅट विकला की हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येतं. शासनाचं परिपत्रक ऑगस्ट 2001 चं आहे. त्यावर डोनेशन, विकास निधी, लिफ्ट फंडाला स्वेच्छा देणगी असं काहीही नाव देऊन घेतलेला रुपया बेकायदा आहे. विकणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची अडचण बघून जी मागितली जाते तिला स्वेच्छा म्हणू नका. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तोही नियम त्याच महिन्याचा. सेवाशुल्काच्या 10 टक्के म्हणजे महिन्याच्या संपूर्ण बिलाच्या 10 टक्के नव्हे. महापालिकेचा कर त्यातून वगळायचा असतो. आणि घरात सभासदाची लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर तेवढंही नाही. कित्येक सोसायट्या हा आकडा भाड्याच्या टक्केवारीत लावतात, आणि भाडेकरू व मालक दोघंही कटकट नको म्हणून भरतात. भरणाऱ्यांनो, पावत्या जपून ठेवा. त्या लागणार आहेत.

एनओसीचा बडगाही खाली ठेवा. भाग हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, असं 2014 च्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे. बँकेला हवा म्हणून किंवा स्वतःला हवा म्हणून कुणी मागितला, तर कमिटीने महिन्याभरात गुणदोष बघून निर्णय द्यायचा. घर भाड्याने द्यायलाही कमिटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला द्यायची, एवढंच सभासदाचं काम. भाडेकरू बॅचलर आहे, नोकरी करणारी एकटी मुलगी आहे, अमुक जातीची किंवा तमुक धर्माची माणसं आहेत, मटण खाणारी आहेत, म्हणून गेटवरून परत पाठवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? शिकायला आणि नोकरीला येणाऱ्या माणसांनी हे शहर वाढवलं. तुमच्यातले किती जण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून शिकले, ते आठवा.

आणि लिफ्टबद्दलची ती पाटी. आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यापर्यंत पायी चढून येणाऱ्या मावशी सकाळी चार घरची भांडी करतात. त्या पाटीला मी कुठलंही कलम लावत नाही. ती काढा.

पार्किंगचा वाद या शहरात सगळ्यांत जास्त पेटतो, म्हणून त्याचं थोडं सविस्तर. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिला की इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही, ते सोसायटीच्या सामाईक जागेत येतं. त्या निकालाने बिल्डरच्या हातून काढलेला अधिकार काही कमिट्यांनी आपल्याच खिशात घातला. चेअरमनच्या दोन गाड्या सावलीत, आणि भाडेकरूची दुचाकी बाहेर रस्त्यावर. पार्किंगचं वाटप सर्वसाधारण सभा ठरवते. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर वर्षाच्या वर्षाला चिठ्ठ्या टाकायच्या, असं उपविधी सांगतात. तुमच्याकडे शेवटच्या चिठ्ठ्या कधी पडल्या?

कमिटीतली बहुतेक माणसं फुकट राबतात, हे मला माहीत आहे. टँकर आला नाही की रात्री अकराला फोन त्यांनाच येतो. मोटर जळली तर सेक्रेटरी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन माणूस बोलावतो आणि बिलासाठी तीन महिने थांबतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही. त्या कामाच्या बदल्यात शेजाऱ्याच्या दारावर हुकूम चालवायचा परवाना मिळत नाही, एवढंच सांगतो. आणि जे सभासद वर्षानुवर्षं मेंटेनन्स थकवून एसी लावून बसले आहेत, त्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. त्यांच्यासाठी 154 ब-29 आहे, आणि ते त्यांना लागलंच पाहिजे.

आता जमिनीचं. इथे कमिटीने जोर दाखवायला हवा होता आणि इथेच बहुतेक कमिट्या गप्प आहेत.

महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा 1963 चा, बोलीभाषेत मोफा. त्याच्या कलम 11 प्रमाणे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं हे बिल्डरचं कायदेशीर कर्तव्य आहे. करारात वेगळी मुदत नसेल तर नियमांनी मुदत घातली आहे, संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिने. चार महिने आणि आमची सव्वीस वर्षं! कर्तव्य चुकवणाऱ्याला कलम 13 खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी बिल्डर टाळत राहिले, म्हणून 2008 मध्ये कायदा बदलला आणि मानीव अभिहस्तांतरण आलं, ज्याला आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो. बिल्डर सही करत नाही? हयात नाही? वारस सापडत नाहीत? तरी चालतं. सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते बिल्डरला नोटीस काढतात, म्हणणं ऐकतात आणि सहा महिन्यांच्या आत निर्णय देतात. दाखला मिळाला की बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवता येतो. भोगवटा पत्र नाही म्हणून अडलेल्या सोसायट्यांसाठी 2018 च्या शासन निर्णयाने वाट मोकळी केली. मुद्रांक शुल्काची भीती घालणारे सल्लागार पुष्कळ भेटतील. प्रत्येकाने फ्लॅट घेताना करारावर भरलेलं शुल्क त्यात जमेला धरतात, हे त्यांना विचारा.

काही कमिट्या छाती पुढे काढून सांगतात की आमचं कन्व्हेयन्स झालंय. त्यांनाही एक प्रश्न आहे. मिळकत पत्रिकेवर नाव लागलं का? दाखला घेऊन तो कपाटात ठेवलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. दाखल्यानंतर मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदणी, मग नगर भूमापन कार्यालयात फेरफार, आणि जिथे अजून सातबारा चालतो तिथे तलाठ्याकडे नोंद. शेवटच्या रकान्यात संस्थेचं नाव येईपर्यंत काम झालेलं नाही.

हे आत्ताच का? आजूबाजूला बघा. प्रभात रस्त्यापासून कोथरूडपर्यंत गल्लीगल्लीत जुन्या इमारती पाडून बारा-पंधरा मजले उठत आहेत. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियमावली आली, बांधकामाची मुभा वाढली, आणि जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला भाव आला. ती वाढीव मुभा जमिनीच्या मागे जाते. जमीन कागदावर ज्याची, तो हिस्सा मागायला येतो. सव्वीस वर्षं फोन न उचलणारा बिल्डर किंवा त्याचा नातू पुनर्विकासाची बातमी लागली की वकील घेऊन हजर होतो. मोकळ्या जागेत आणखी एक विंग बांधायचा जुना प्लॅन कपाटातून बाहेर निघतो. सभासदांनी लहान मुलांसाठी घसरगुंडी बसवलेली जागा त्या प्लॅनमध्ये वेगळ्याच नावाने असते. मग कोर्ट, मग तडजोड, मग प्रत्येक सभासदाच्या वाट्याची जागा कमी. सत्तरीतली माणसं भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं निकालाची वाट बघतात. जमीन नावावर नसताना पुनर्विकासाचं टेंडर काढणाऱ्या कमिटीने हे नुकसान डोळ्यांदेखत सभासदांवर आणलेलं असतं.

ज्यांच्या गेटवर ‘अपार्टमेंट’ लिहिलंय त्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. पाटीवर जाऊ नका, कागद बघा. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेलं असेल, तर जमिनीतला अविभक्त हिस्सा प्रत्येक घरमालकाला त्याच्या अपार्टमेंट डीडने मिळतो. पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत, आणि फक्त विक्रीचा करारनामा घेऊन बसलेले, डीड कधी केलंच नाही असे घरमालक त्यात जागोजाग आहेत. ती रांग वेगळी आहे, पण उशीर तोच आहे.

1961 च्या 12 जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हा या शहरातल्या घरं गेलेल्या लोकांनी सहकारी संस्था काढून पर्वती-सहकारनगर भागात पुन्हा घरं उभी केली. सहकारनगर हे नाव आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. राज्याच्या सहकार आयुक्तांचं कार्यालय याच शहरात, मध्यवर्ती इमारतीत आहे. इथल्या कमिट्यांनी सहकार म्हणजे काय हे विसरावं, ही गोष्ट मला सहन होत नाही.

तारखा नीट वाचा. कायद्याने प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी निघावी लागते. म्हणजे 15 सप्टेंबरपर्यंत तुमच्या बोर्डावर सभेची नोटीस लागलेली असली पाहिजे आणि विषयपत्रिकेत हे विषय स्पष्ट शब्दांत असले पाहिजेत: मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्याचा ठराव, त्याची जबाबदारी कुणावर आणि अर्ज कोणत्या तारखेला दाखल होणार यासह. मर्यादेपेक्षा जास्त घेतलेल्या हस्तांतरण रकमा आणि बिनभोगवटा शुल्क परत करण्याचा ठराव, नावानिशी यादीसह. पार्किंगच्या चिठ्ठ्या. उपविधींत नसलेल्या सगळ्या पाट्या आणि फतवे रद्द. ‘ऐन वेळचे विषय’ या नावाखाली शेवटच्या पाच मिनिटांत हे उरकायला गेलात तर आम्ही ते मान्य करणार नाही. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून सहा माणसांत ठराव मंजूर करायची जुनी सवय यंदा चालणार नाही. त्यासाठी सभासदांनाही सांगतो, मॅच असो वा लग्न, त्या संध्याकाळी खाली या.

15 तारखेला नोटीस लागली नाही, किंवा लागली आणि हे विषय नसले, तर 16 तारखेला कलम 76 खाली एक पंचमांश सभासदांच्या सह्यांचं मागणीपत्र तुमच्या हातात असेल. महिन्याभरात विशेष सभा बोलावणं तुमच्यावर बंधनकारक होईल. सोबत हिशेबाची पुस्तकं, इतिवृत्तं आणि पावत्या तपासण्याचा अर्ज असेल, आणि नकलांची फी आम्ही त्याच वेळी भरू. 30 सप्टेंबर उलटला आणि ठराव झाला नाही, तर 1 ऑक्टोबरला उपनिबंधकांकडे कलम 83 खाली चौकशीची मागणी जाईल. त्या चौकशीतून संस्थेचं नुकसान दिसलं तर कलम 88 खाली ते नुकसान संबंधितांकडून वैयक्तिक वसूल करता येतं. कमिटीच्या निर्णयांनी झालेल्या नुकसानीला कमिटीचे सगळे सदस्य मिळून आणि वेगवेगळे जबाबदार असतात, असं उपविधी म्हणतात. मी तेव्हा फक्त गप्प बसलो होतो, एवढं म्हणून कुणी सुटणार नाही. मीही नाही. त्या दोन इतिवृत्तांवर माझी सही आहे, आणि चौकशीत ती मी स्वतः दाखवणार आहे.

आमच्या सोसायटीत 48 फ्लॅट आहेत. एक पंचमांशला दहा सह्या पुरतात, सतरा झाल्या आहेत. मागणीपत्र टाइप करून तयार आहे. पहिली सही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आहे, त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि मग केली. तारखेची जागा अजून कोरी ठेवली आहे.